भाडें एकाच्या हातीं, घर चौघांचें

"ठाण्यास नौपाड्यांत वडिलांनीं बांधलेलें घर आहे. वडील मृत्युपत्र न करितां वारले. घराचा अर्धा भाग भाड्यानें दिलेला असून भाडें थोरले बंधु घेतात व त्यावरील प्राप्तिकरही तेच भरतात. मग मला त्यांत लक्ष घालण्याचें कांहीं कारण आहे काय?" असा प्रश्न डोंबिवलीच्या एका विवाहित भगिनीनें आम्हांस विचारला आहे. पत्राच्या शेवटीं त्यांनीं लिहिलें आहे: "दादाजवळ हा विषय काढणें म्हणजे माहेर तोडणें, असें आईला वाटतें." हें शेवटचें वाक्य वाचून आम्हांस या प्रश्नास सविस्तर उत्तर देणें अगत्याचें वाटलें, कारण हें एका घरचें नसून अनेक घरांचें दुखणें आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी आली व पुढच्याच वर्षीं ती कल्याणास पोंचली. तेव्हांपासून नोकरी मुंबईस आणि बिऱ्हाड या बाजूस, असा आमच्या मध्यमवर्गाचा संसार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आयुष्यभराच्या शिलकींतून कोणी नौपाड्यांत घर बांधलें, कोणी डोंबिवलीस टिळकनगरांत जागा घेतली, कोणी कल्याणास पारनाक्याजवळचा वाडा राखला. बांधणाऱ्यांनीं विटा मोजून घेतल्या. पण आपल्या पश्चात् या घराचे धनी कोण, हें लिहून ठेवण्याचें मात्र पुष्कळांच्या हातून राहून गेलें.

प्रथम मालकीचा विचार करूं. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याप्रमाणें पुरुषानें स्वतः मिळविलेली मिळकत मृत्युपत्राच्या अभावीं त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास त्याची आई यांजकडे सारख्या वांट्यानें जाते. मुलीचें लग्न झालें, तिचें नांव पालटलें, ती डोंबिवलीस राहूं लागली, यांपैकीं कशानेंही तिचा वांटा उणा होत नाहीं. प्रस्तुत घरीं आई, दोन मुलगे व एक मुलगी असे चौघे आहेत. म्हणजे प्रत्येकाचा वांटा चार आणे. वडिलार्जित एकत्र मिळकतीचा प्रश्न याहून निराळा. तेथें मुलीस जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रानें १९९४ सालीं व मध्यवर्ती कायद्यानें २००५ सालीं दिला आणि २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो निःसंदिग्ध केला. "आमचें एकत्र कुटुंब आहे, सबब कर कुटुंबाच्या नांवें भरूं," असें कित्येक सुशिक्षितही म्हणतात. परंतु बापाची स्वकष्टार्जित मिळकत या कायद्यानें मुलाकडे आली म्हणजे ती त्याची व्यक्तिगत मिळकत होते, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८६ सालींच ठरविलें आहे. केवळ चूल एक आहे एवढ्यानें करापुरतें एकत्र कुटुंब सिद्ध होत नाहीं.

आतां कराकडे वळूं. घराच्या उत्पन्नावरील कर हा भाडें कोणाच्या खिशांत पडलें हें पाहून बसत नाहीं. तो घराचा मालक कोण हें पाहून बसतो. मालक अनेक असून त्यांचे वांटे निश्चित असतील, तर त्या सर्वांचा मिळून एक करदाता न धरितां ज्याचा त्याचा हिस्सा ज्याच्या त्याच्या उत्पन्नांत धरावा, असें १९२२ च्या कायद्यांत होतें, १९६१ च्या कायद्यांत आलें, आणि १ एप्रिल २०२६ पासून त्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या कायद्यांतही तें तत्त्व कायम ठेविलें आहे.

एक हिशेब मांडून पाहूं. भाडें दरमहा ४०,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ४,८०,०००. मालकांनीं त्या वर्षीं प्रत्यक्ष भरलेला महापालिकेचा घरकर २०,००० समजूं. बाकी ४,६०,०००. यांतून दुरुस्ती वगैरेसाठीं सरसकट शेंकडा ३० वजा मिळतात. प्रत्यक्ष खर्च अधिक असो वा उणा, त्याचा संबंध नाहीं. ते १,३८,००० झाले. राहिले ३,२२,०००. हें सर्व उत्पन्न थोरल्या बंधूंनीं आपलें म्हणून दाखविलें व ते शेंकडा ३० च्या पायरीवर असले, तर कर व त्यावरील शेंकडा ४ चा उपकर मिळून १,००,४६४ रुपये होतात. तेंच चौघांत वांटलें तर प्रत्येकाच्या नांवें ८०,५०० येतात. बंधूंचा कर २५,११६ वर येतो. आणि आईचें दुसरें उत्पन्न अल्प असेल, तर तिच्या वांट्यावर बहुधा कांहींच कर पडत नाहीं. म्हणजे दादांनीं उदारपणें उचललेला भार बराचसा अकारणच उचललेला आहे!

परंतु याहून महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. बंधूंनीं सर्व कर भरल्यानें बहिणीची जबाबदारी फिटत नाहीं. तिच्या हातीं भाड्याचा एक रुपयाही येत नसला, तरी तिचा चतुर्थांश कायद्याच्या दृष्टीनें तिचें उत्पन्न होय. तेव्हां "मला लक्ष घालण्याचें कारण आहे काय?" यास आमचें उत्तर "अवश्य आहे" असें आहे. न मिळालेल्या पैशाची जबाबदारी मात्र शिरावर, ही स्थिति कोणाही भगिनीनें अजाणतां पत्करूं नये.

"सगळें भाडें आईलाच देऊं," असें मुलें म्हणतील तर त्यांच्या मातृभक्तीचें आम्ही कौतुकच करूं. परंतु करापुरतें तें मुलांचें उत्पन्न राहतें व आईस दिलेली ती देणगी होते. वांटाच आईचा करावयाचा तर रीतसर दस्त करून नोंदविला पाहिजे. पत्नीच्या नांवें मोबदल्यावांचून घर करून दिलें, तरी करापुरता पतीच मालक समजला जातो. आणि गृहनिर्माण संस्थेंत ज्याचें नांव वारसनोंदींत दिलें तोच घराचा धनी, हा समज तर डोंबिवलीच्या जिन्याजिन्यावर ऐकूं येतो. तोही खोटा आहे. अशी नोंद झालेला मनुष्य इतर वारसांचा विश्वस्त होय, त्यांचा हक्क गिळणारा नव्हे.

मग करावें काय? १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यान्वयें भाड्याचा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. पुढचा करार होतांना त्यांत चौघांचीं नांवें मालक म्हणून घालावीं, प्रत्येकाचा वांटा लिहावा व भाडें शक्य तर ज्याच्या त्याच्या खात्यांत परभारें जमा व्हावें. एकानेंच वसूल करणें सोयीचें असेल, तर वर्षाखेरीस भाडें, घरकर, दुरुस्ती व वांटणी यांचा एक पानाचा हिशेब करून त्यावर चौघांनीं सह्या कराव्या. घरकराच्या पावत्या जपून ठेवाव्या. मागील वर्षांचीं विवरणें चुकलीं असतील, तर जाणत्या करसल्लागाराकडे सर्वांनीं मिळून जावें. बहिणीस आपला वांटा भावांस खरोखरच द्यावयाचा असेल, तर तिनें नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून तो खुशाल द्यावा. मात्र तो जाणून दिलेला असावा, संकोचानें सुटलेला नसावा.

या भगिनीस आमची एवढीच सूचना आहे कीं, हा विषय हक्काच्या भाषेंत न काढितां हिशेबाच्या भाषेंत काढावा. "दादा, तूं वर्षाला पाऊण लाख रुपये अधिक भरतोस," हें वाक्य ऐकून कोणता भाऊ माहेर तोडील? आणि मातोश्रींस आम्ही विनवितों कीं, दोघां मुलांस व मुलीस जवळ बसवून वहींतलें पहिलें पान त्यांनीं स्वतःच्या हातानें लिहावें. घर त्यांच्याही मालकीचें आहे. माहेर हिशेबानें तुटत नाहीं. तें तुटतें मनांत सांचलेल्या, न विचारलेल्या प्रश्नांनीं.