उधारीच्या गावात गिऱ्हाइकाचं मत

परभणी जिल्ह्यातल्या पाथरीच्या एखाद्या कृषी सेवा केंद्राने गिऱ्हाइकांची मतं डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये नोंदवून तपासावीत का? सॉफ्टवेअर विकणारे अर्थातच हो म्हणतील. पण मृगात उधारीवर नेलेल्या बियाण्याचे पैसे जिथे कापूस-सोयाबीन घरात आल्यावर चुकते होतात, तिथे वहीत आपलं नाव असलेल्या दुकानदाराला तोंडावर नावं कोण ठेवणार? एक ते पाच गुण द्या म्हटलं, की शेतकरी पाच देऊन मोकळा होतो. अशी पाच-पाचची हजार उत्तरं भरली, तरी हाती काय लागणार?

त्यामुळे ‘वही बरी’ म्हणणाऱ्यांची बाजू कच्ची नाही. मुरलेल्या दुकानदाराला कोण तुटलं हे सर्व्हेशिवाय कळतं. दोन हंगाम आला नाही, म्हणजे काहीतरी बिनसलं. त्याच्या आठवणीत सोयरीक, भांडण, पाऊस, सगळं एकत्र असतं, आणि ते कोणत्याही रकान्यात मावत नाही. मात्र वही एकेका माणसाची गोष्ट सांगते. एका शिवारातले सगळेच लोक ठरावीक औषधासाठी शेजारच्या मानवतला जाऊ लागलेत का, हे वहीची पानं उलटून सापडणं अवघड आणि डेटाबेसमधून काढणं सोपं.

मग एक्सेल का नको? ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमधल्या कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांची नोंद राष्ट्रीय आकड्यांत वेळेवर पोचलीच नाही, कारण जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलीतल्या ओळी संपल्या होत्या. तशा फाइलीत ६५,५३६ ओळी मावतात. आपल्या दुकानाला त्या जन्मभर पुरतील, तेव्हा ती भीती नको. इथली अडचण गावाच्या नावापासून सुरू होते. एक मुलगा ‘हादगाव’ लिहितो, दुसरा ‘हादगांव’, तिसरा ‘हदगाव’. पाथरी तालुक्यातलं हादगाव वेगळं आणि नांदेड जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण असलेलं हदगाव वेगळं. बेरीज करायला बसलं की एका गावाची तीन गावं झालेली असतात आणि त्यातलं एक भलत्याच जिल्ह्यात गेलेलं असतं.

डेटाबेसमध्ये गावांची यादी एका तक्त्यात एकदाच लिहायची आणि बाकी सगळीकडे त्या गावाचा क्रमांक वापरायचा. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला असा क्रमांक आहेच. गिऱ्हाईक एका तक्त्यात, प्रश्न दुसऱ्यात, उत्तरं तिसऱ्यात. पुढच्या हंगामात दोन प्रश्न वाढले तरी जुनी उत्तरं हलत नाहीत, त्यामुळे यंदाची तुलना गेल्या वर्षाशी करता येते. तक्ते असे वेगळे ठेवून एकमेकांशी जोडायचा विचार एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडला, आणि लिबरऑफिस बेससारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तो आज कुणालाही वापरता येतो. खर्च हे न करण्याचं कारण राहिलेलं नाही. नोंदी भरायला रोज कुणीतरी बसावं लागतं, हे मात्र खरं कारण आहे. बियाण्यासाठी रांग लागलेली असताना कोण बसणार?

शिवाय मूळ दुखणं सॉफ्टवेअरने जात नाही. त्याला प्रश्नच बदलावा लागतो. ‘समाधानी आहात का?’ याचं उत्तर ‘बरं आहे की’ एवढंच येणार. त्याऐवजी विचारावं: गेल्या खेपेला मागितलेलं वाण मिळालं का? नसेल तर कुठून आणलं? ‘मानवतहून’ किंवा ‘परभणीहून’ म्हणायला कुणाला संकोच वाटत नाही, कारण त्यात दुकानदाराची निंदा नसते. आणि माल कोणता भरायचा, हे त्यातूनच कळतं.

सगळ्यात अवघड भाग फोन नंबरचा. नंबर असेल तर हेच गिऱ्हाईक पुन्हा आलं का ते जोडता येतं. पण नंबर विचारला, की खरं बोलणं थांबतं. त्यात घरातला एकच फोन सगळे वापरतात, म्हणजे नंबर बापाचा आणि उत्तर मुलाचं. बाईचं मत तर यादीत येतच नाही. वर कायदा आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा कागदी वहीला लागू नाही, पण तीच माहिती संगणकात चढवली की लागू होतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले आणि मुख्य बंधनं टप्प्याटप्प्याने येत आहेत. माहिती कशासाठी घेतली ते सांगणं, संमती घेणं आणि काम झालं की ती पुसणं, याची तयारी आजच हवी.

सगळ्यांना एकच माप लावू नये. साईबाबांचं जन्मस्थान म्हणून मानल्या जाणाऱ्या इथल्या मंदिरात बाहेरगावचे भाविक येतात. जानेवारी २०२० मध्ये पाथरीच्या विकासासाठी १०० कोटींची घोषणा झाली आणि जन्मस्थानाच्या दाव्याविरोधात शिर्डीत बंद पाळला गेला, तेव्हा हे नाव देशभर गेलं. या भाविकाचं इथे कुणाकडे खातं नाही, त्यामुळे तो स्वच्छतागृहाबद्दल आणि पाण्याबद्दल खरं ते बोलतो. तिथे नाव-नंबर कशाला? कुठून आलात आणि काय खटकलं, एवढं पुरे. उलट नळाच्या पाण्याची तक्रार गल्ली आणि वेळ नोंदवल्याशिवाय निरर्थक. तिथे डेटाबेस हवाच, आणि तो नगर परिषदेने ठेवावा. २०१८ मध्ये केंद्र सरकारचं स्वच्छ सर्वेक्षण ४,२०३ शहरांपर्यंत पोचलं आणि छोट्या गावांतही नागरिकांच्या मताला गुण मिळू लागले. पण गुणांसाठी गोळा केलेलं मत आणि दुरुस्तीसाठी गोळा केलेलं मत यांत फरक असतो, आणि तो लोकांना कळतो.

दुकानदारांना आमचं सांगणं असं: डेटाबेस करा, पण उधारीचं खातं आणि मतांची नोंद एकमेकांना जोडू नका. मत विचारायला वसुलीला जाणारा माणूस पाठवू नका. आणि आलेल्या उत्तरांवरून मागवलेल्या पहिल्या मालाची पाटी दुकानाबाहेर लावा.