कोयता, कॉम्प्युटर आणि माणूस

बीड जिल्ह्यात माणसे मोजण्याचे एक परिमाण आहे. त्याचे नाव कोयता. ऊसतोडीला निघालेले नवरा-बायको मिळून एक कोयता; एकटाच निघाला तर अर्धा. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, हिशेब करतो तो कोयत्यावर, आणि आजारपणात दिवस बुडाला की खाडा लावतो तोही कोयत्यालाच. धारूर तालुक्यातले तेलगाव याच जिल्ह्यातले. तेथे सुंदरराव सोळंके यांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना आहे, आणि त्याच मुलुखातल्या वाड्या-तांड्यांवरून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे बिऱ्हाडे निघतात. माणसाला त्याच्या हातातल्या हत्याराच्या नावाने मोजायची ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की तीत काही वावगे आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. आमच्या मनात ते आले, ते मात्र ऊस पाहून नव्हे, कॉम्प्युटर पाहून.

तेलगावसारख्या बाजाराच्या गावांत गेल्या पंचवीस वर्षांत एक नवा इसम रुजला आहे. त्याला गाव 'कॉम्प्युटरवाला' म्हणते. वाचकांनी असा एक इसम डोळ्यांपुढे आणावा. आम्ही येथे कोणा एका विशिष्ट मनुष्याची हकिगत सांगत नाही. अशांची जी एक जात आहे तिच्याविषयी बोलतो आहोत. त्याच्याकडे पदविका नाही. 2001 साली महाराष्ट्रात एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि सरकारी नोकरीच्या वाटेवर त्या कागदाला वजन आले. आमच्या इसमाने तो कागदही मिळवलेला नसतो. तो शिकला ते मोडक्या पेट्या उघडून. भारनियमनाच्या त्या वर्षांत वीज जाई-येई, दाब वरखाली होई, आणि पेट्या मुबलक मोडत. शाळा त्याला सोसवली नाही, मदरबोर्ड सोसवला.

त्याचे काम पाहण्यासारखे असते. संगणक सुरू होत नाही म्हणून गिऱ्हाईक 'व्हायरस आलाय' असे निदान स्वतःच करून आलेले असते. तो ते ऐकूनही घेत नाही. पेटी उघडतो, बटण दाबतो आणि आतून येणारे बीप मोजतो, कारण ते किती आणि कसे वाजले यावरून यंत्र आपले दुखणे सांगत असते. रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी टोके शाळेतल्या खोडरबराने घासतो, पुन्हा बसवतो. जमले नाही तर दुसऱ्या खाचेत घालतो. मग वीजपुरवठ्याची पेटी बदलून पाहतो, मदरबोर्डावरचे कपॅसिटर फुगलेत का ते बोटाने चाचपतो. घड्याळ दर वेळी जुनी तारीख दाखवत असेल तर नाण्याएवढी बॅटरी बदलतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तिचा परिणाम पाहिल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही, हा त्याचा नियम. तर्कशास्त्राच्या पुस्तकात जी पद्धत पानेच्या पाने समजावून सांगतात, ती याच्या हातात आपसूक आलेली असते.

त्याची दुसरी बाजूही गावाला ठाऊक असते. तो गिऱ्हाइकाच्या नजरेला नजर देत नाही. 'या, बसा' म्हणत नाही. दोन माणसे एकदम बोलू लागली की हातातले काम टाकून मागच्या खोलीत जातो. घासाघीस त्याला कळत नाही. सांगितली ती किंमत. 'उद्या नक्की देतो' असे बाजारात सर्रास चालणारे खोटे त्याला बोलता येत नाही. दुकानासमोर वरातीचा बँड वाजू लागला की तो शटर ओढून घेतो. गाव एका वाक्यात त्याचा निकाल लावते : 'डोकं लई चालतं, पण जरा येडं हाय.'

अशा प्रत्येकाला अ‍ॅस्पर्गर असतो असे आमचे म्हणणे नाही. काउंटरच्या अलीकडे उभे राहून निदान करणे हा अगोचरपणाच. परंतु ज्या प्रौढांना ते असते, त्यांतल्या कित्येकांचे आयुष्य गावच्या या एका 'पण'वर तोललेले असते, आणि आमचा वाद या 'पण'शी आहे. शहरी लेखकाचे वाक्य वरवर याच्या उलट असते : 'अ‍ॅस्पर्गर असूनही संगणकाचा जादूगार!' रविवारच्या पुरवण्यांत अशा कौतुककथा छापून येतात, आणि शेवटी देव एका हाताने घेतो, दुसऱ्या हाताने देतो असा समारोप होतो. गाव डोक्याकडून वेडाकडे जाते, शहर वेडाकडून डोक्याकडे येते. दोघांच्याही तराजूत एका पारड्यात माणूस असतो आणि दुसऱ्यात त्याची उपयुक्तता. पारडी बरोबर झाली की माणूस चालतो.

हा तराजू कोठून आला ते पाहणे उद्बोधक आहे. हान्स अ‍ॅस्पर्गर हे व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ. 1944 साली त्यांनी आपला प्रसिद्ध निबंध छापला. या मुलांच्या विशेष आवडीतून पुढे मोलाचे काम उभे राहू शकते, समाजरचनेत त्यांना स्थान आहे, असा त्यात आग्रह होता. 1981 साली लोर्ना विंग यांनी इंग्रजीत 'अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम' हे नाव रूढ केले, आणि पुढे कित्येक वर्षे हा डॉक्टर नाझी राजवटीत मुलांची ढाल झाला असे मानले जात होते. 2018 साली हेरविग चेक या इतिहासकाराने जुनी कागदपत्रे उलगडली. काही मुलांना अ‍ॅस्पर्गर यांनीच 'आम श्पीगेलग्रुंट' या संस्थेकडे धाडल्याचे त्यांतून दिसले. त्या संस्थेत किमान 789 मुले मेली. एकाच लेखणीने काही मुलांची उपयुक्तता वाखाणली आणि काहींची वाट त्या दाराकडे दाखवली. 'हा कामाचा आहे, म्हणून याला जगू द्या' असे ज्या क्षणी म्हटले जाते, त्याच क्षणी बिनकामाच्याचा निकाल लागलेला असतो, हे यातून शिकायचे. तेलगाव व्हिएन्ना नाही, आणि गावातला कोणी त्या राजवटीचा वारस नाही. पण युक्तिवाद सौम्य झाला म्हणून त्याची दिशा बदलत नाही.

आता ते नावही वैद्यकाने मागे घेतले आहे. अमेरिकी निदानग्रंथाने 2013 साली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 साली लागू झालेल्या वर्गीकरणाने 'अ‍ॅस्पर्गर' हा वेगळा कप्पा मोडून त्याला व्यापक ऑटिझममध्ये सामावून घेतले. कित्येक प्रौढांनी ते नाव स्वतःपुरते ठेवले आहे, कित्येकांनी टाकले आहे. तो त्यांचा हक्क. मराठीत आपण ऑटिझमला 'स्वमग्नता' म्हणतो. शब्द भाषांतर म्हणून चोख आहे, कारण मूळ ग्रीक धातूचा अर्थ 'स्व' असाच आहे. पण वर्णन म्हणून तो आम्हांला खोटा वाटतो. मदरबोर्डाचे बीप मोजत बसलेला माणूस 'स्व'मध्ये कोठे मग्न असतो? तो तर स्वतःला विसरून वस्तूत मग्न असतो. आपल्या बोलीत 'एककल्ली' हा जुना शब्द आहे. त्यात थोडी चेष्टा आहे, पण स्वार्थाचा आरोप तरी नाही.

त्याला माणसे कळत नाहीत, हा आरोपही असाच तपासून घ्यावा लागेल. डेमियन मिल्टन या ब्रिटिश संशोधकाने, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, 2012 साली मांडले की हा न कळण्याचा प्रश्न दुहेरी असतो. इतरांनाही ऑटिस्टिक माणूस तितकाच कळत नाही. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी एक गोष्ट साखळीने सांगवली. केवळ ऑटिस्टिक माणसांच्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच शाबूत राहिली. तपशील गळाले ते मिश्र साखळीत. आमच्या कॉम्प्युटरवाल्याला हे सांगावे लागणार नाही. प्रिंटर आणि संगणक यांचे बोलणे तुटले तर तो दोन्ही टोके तपासतो. प्रिंटरला येडा ठरवून मोकळा होत नाही.

या कौतुकाला बाजारानेही खतपाणी घातले. 2010 साली आलेल्या 'माय नेम इज खान'चा नायक अ‍ॅस्पर्गर असलेला आणि हाती येईल ते यंत्र दुरुस्त करणारा होता. चित्रपटाने हा शब्द लाखो घरांत नेला, हे त्याचे ऋण आम्ही मानतो. पण त्याबरोबर, अशा माणसाला काही तरी दुरुस्त करता आलेच पाहिजे, ही अपेक्षाही त्या घरांत गेली. 2013 साली सॅप या जर्मन कंपनीने बंगळुरूत आणि आयर्लंडमध्ये प्रयोग करून पाहिल्यावर, 2020 पर्यंत आपल्या नोकरवर्गात एक टक्का ऑटिस्टिक माणसे घेण्याचे जाहीर केले. संगणकप्रणालीतले दोष हुडकण्यात ती तरबेज असतात, हा त्यामागचा हिशेब. ज्यांना त्यातून पगार मिळाला त्यांच्याविषयी आम्हांला आनंदच आहे. परंतु बहुतेक ऑटिस्टिक प्रौढांना संगणकाची अशी हातोटी नसते. कोणाला रेल्वेचे वेळापत्रक पाठ असते, कोणाला बैलांच्या खिलारांची वंशावळ, कोणाला काहीच नाही. त्यांनी कोणत्या दाराने आत यायचे?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो बिनतोड वाटावा असा आहे. 'अहो, या हातोटीमुळेच तर त्याला गावात मान मिळाला. नाही तर लोकांनी दगड मारले असते. तुम्ही त्याच्या हातातली काठीच काढून घेता!' काठी आम्ही काढत नाही. काठी काळच काढतो आहे. आज कित्येक लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डालाच झाळून टाकलेली असते. खोडरबर घासायला पट्टीच उरत नाही. फोन गोंदाने चिकटवलेले, सुटे भाग कंपनीच्या कुलपात. केंद्र सरकारने 2022 साली 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, पण समितीने कुलूप उघडेपर्यंत तेलगावच्या दुकानात किती मशिनी येत राहतील? ज्याची सारी पत पेटी उघडण्यावर उभी होती, त्याच्यापुढे न उघडणारी पेटी आली की गावच्या वाक्यातला पहिला भाग गळून पडतो. उरतो तो 'पण'नंतरचा. कोयता चालेनासा झाला की तोडकऱ्याचे काय होते, हे या जिल्ह्याला सांगायला नको.

आणि त्या मुलीचे काय, जिचे डोके अगदी याच्यासारखे चालते? तिच्या हाती स्क्रूड्रायव्हर कोणी दिला नाही. पाहुण्यांसमोर गप्प बसते म्हणून ती 'शांत स्वभावाची' ठरली. पुढे नांदायला गेल्यावर तीच 'घुमी' ठरली. तिला 'पण'च्या आधीचा भागही कधी मिळाला नाही.

कायदा काय म्हणतो? 1995 च्या अपंगविषयक कायद्यात ऑटिझम नव्हताच. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्याला 21 प्रकारांत स्थान दिले. सरकारी नोकऱ्यांतल्या 4 टक्के आरक्षणापैकी एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांत वाटून दिला आहे. त्यासाठी किमान 40 टक्के अपंगत्वाचा दाखला हवा. दाखल्यासाठी घडवलेल्या भारतीय मापनपट्टीत 40 प्रश्न आहेत. 70 च्या खाली गुण आले तर ऑटिझम नाही. ज्याने तीस वर्षे गिऱ्हाइकांशी बोलायची वाक्ये घोकून पाठ केली, तो अशा पट्टीतून निसटला तर नवल काय? त्याच्या कष्टांनीच त्याचा पुरावा पुसलेला असतो. संगणकाचा दाखला नाही म्हणून तो तंत्रज्ञ नाही आणि वेडाचा दाखला नाही म्हणून तो दिव्यांग नाही. दोन्ही खिडक्यांवर तो बिनकागदाचा. शिवाय कामाच्या जागी सोयी देण्याचे कायद्याचे बंधन आहे ते मुख्यतः सरकारी आस्थापनांवर. बाजारातल्या गाळ्यापर्यंत ते पोचत नाही.

आमची मागणी मोठी नाही. प्रौढांचे निदान प्रौढांच्या आयुष्याकडे पाहून व्हावे, आणि ते जिल्ह्याच्या ठिकाणी मिळावे. आईबाप गेल्यावर तो कोठे जेवेल, याची चिंता भावजयीच्या मर्जीवर सोडू नये. आणि ज्याला कायदा लागत नाही, खर्चही लागत नाही, ते गावाने आजपासून करावे. मशीन देताना काय बिघडले ते चिठ्ठीवर लिहून द्यावे. एका वेळी एकाने बोलावे. नजरेला नजर न देणाऱ्याला उर्मट समजू नये. सांगितलेली किंमत द्यावी. आणि ज्या दिवशी मशीन दुरुस्त होणार नाही, त्या दिवशीही जाताना 'येतो' म्हणावे.

आमच्या मते खरी कसोटी हीच. त्याने दुरुस्त केलेल्या संगणकाचे गुण गाणे सोपे आहे. न दुरुस्त झालेला संगणक काखेत मारून परत निघालेला गावकरी त्याच्याविषयी काय बोलतो, ते एकदा कान देऊन ऐकावे. त्यावरून कळेल की गावाने पंचवीस वर्षे माणूस ओळखला, की नुसता कोयता मोजला.