स्टेंट की बायपास : निवड कोणाची?

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मराठवाड्यातील गावोगावचे रुग्ण येतात. त्यांतील एखाद्या मधुमेही शेतमजुराच्या हृदयाच्या तीन रोहिण्या तुंबल्या असतील, तर त्याला स्टेंट बसवावा की त्याची बायपास शस्त्रक्रिया करावी, हा प्रश्न वरकरणी केवळ वैद्यकीय वाटतो. वस्तुतः तो अर्थकारणाचाही आहे.

विज्ञानाचे उत्तर पुरेसे स्पष्ट आहे. हृदयविकाराचा तीव्र झटका आला असता तातडीने बसवलेला स्टेंट प्राण वाचवतो. परंतु मधुमेह असून अनेक रोहिण्या तुंबल्या असतील, तर सामान्यतः बायपास सरस ठरते. १९०० रुग्णांवरील ‘फ्रीडम’ चाचणीचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. पाच वर्षांत मृत्यू, झटका वा पक्षाघात यांपैकी एखादे संकट स्टेंटच्या गटात शेकडा सुमारे २७ जणांवर, तर बायपासच्या गटात १९ जणांवर ओढवले. पक्षाघात मात्र बायपासनंतर अधिक आढळला. उलट, विकार स्थिर असलेल्या बहुसंख्य रुग्णांत उत्तम औषधोपचाराला या उपायांची जोड दिल्याने मृत्यू कमी झाल्याचे २०२० सालच्या ‘इस्केमिया’ चाचणीत दिसले नाही.

मग निर्णय चुकतो कोठे? उपचाराची गरज ठरवणारा आणि उपचार विकणारा एकच असतो, तेथे बाजाराचे नेहमीचे नियम चालत नाहीत. खाटेवर पडलेला माणूस घासाघीस करीत नाही.

फेब्रुवारी २०१७ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयातील जनहित याचिकेच्या रेट्यानंतर, राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये व साध्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरवली. तोवर औषधलेपित स्टेंटसाठी लाखाच्या वर रक्कम उकळली जात असे. निर्णय स्वागतार्हच होता. परंतु बंधन आले ते वस्तूच्या किमतीवर, गरज ठरवण्याच्या अधिकारावर नव्हे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत दोन्ही उपचार आहेत. पण रुग्णालयाला मोबदला मिळतो तो उपचार केल्याचा, अनावश्यक उपचार टाळल्याचा नव्हे.

म्हणून मागणी नेमकी हवी. तातडीचे प्रसंग वगळता हृदयरोगतज्ज्ञ व शल्यविशारद यांनी एकत्र बसून निर्णय घ्यावा, त्याची कारणे रुग्णाला मराठीत लेखी द्यावीत, आणि प्रत्येक विभागाच्या सार्वजनिक रुग्णालयात दोन्ही उपचार बारमाही मिळावेत. जेथे एकच दार उघडे असते, तेथे निवडीची भाषा ही गरिबाची थट्टा ठरते.