चार टक्क्यांचा पाठभेद

ज्ञानेश्वरीतील एखाद्या ओवीच्या पाठभेदावर आम्ही साहित्याचे अभ्यासक पानेच्या पाने खर्ची घालतो. चित्रपटाच्या प्रतीविषयी मात्र अवाक्षर काढत नाही. चित्रपट सहसा सेकंदाला २४ फ्रेम्सने चालतो, पाल पद्धतीचे दूरचित्रवाणी प्रक्षेपण २५ने. यावरचा रूढ उपाय म्हणजे चित्रपटच सुमारे ४ टक्के अधिक वेगाने पळवणे! १०० मिनिटांची कृती ९६ मिनिटांत आटोपते. ध्वनी सुधारला नाही, तर स्वरही चढतो. अशा जुन्या डीव्हीडीवरून दिग्दर्शकाच्या 'संथ लयी'ची मीमांसा करणे म्हणजे अशुद्ध पोथीवरून छंद ठरवणे होय. 'हे तंत्रज्ञांचे काम' म्हणून हात झटकणे आम्हांस मान्य नाही. लयीवर लिहिणाऱ्याने आधी प्रत कोणती, हे सांगावे.