नकाशा व दुरुस्तीची वही

बांध, गटारें, मोऱ्या व उघाड्या यांच्या दुरुस्तीचा हिशेब संगणकावर ठेवावा आणि तो संगणकावरील नकाशाशीं जोडावा, ही सूचना अलीकडे वरचेवर ऐकूं येते. हा कचेरींतील लोकांचा प्रश्न आहे, त्याच्याशीं शेतकऱ्याचा काय संबंध, असें पुष्कळांस वाटतें. आमचें मत अगदीं उलट आहे. ज्याच्या खाचरांत खाडीचें पाणी शिरतें, त्याचाच ह्या प्रश्नाशीं पहिला संबंध आहे.

मीरा-भाईंदरचा प्रदेश पाहावा. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र, आणि मध्यें मिठागरें व खाजणें. येथें १९८५ सालीं नगरपरिषद व २००२ सालीं महानगरपालिका झाली. गांवांचें शहर झालें, पण भरती-ओहोटी होती तशीच राहिली. खारजमिनीचें सारें जीवित बाहेरच्या बांधावर व त्यांतील उघाडीवर अवलंबून असतें. ओहोटीस उघाडीचें दार उघडून आंतलें पाणी वाहून जावें, भरतीस तें मिटावें, एवढीच तिची रीत. परंतु दाराची फळी कुजली किंवा खेकड्यांनीं बांध पोखरला, कीं पहिल्याच उधाणास खारें पाणी आंत येतें, आणि जमिनीचा खार धुऊन जाण्यास एक पावसाळा पुरत नाहीं. दार उघडेनासें झालें तर उलट संकट. पावसाचें गोडें पाणी आंतच तुंबतें. २६ जुलै २००५ रोजीं जवळच्या सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा दिवशीं कोणती वाट मोकळी व कोणती बुजलेली, हें आधीं ठाऊक असणें किती अगत्याचें आहे, तें सांगावयास नको.

दुरुस्तीच्या वहींत "बांध दुरुस्त केला, रक्कम अमुक" एवढाच मजकूर असला, तर कोणता बांध, कोणत्या सर्व्हे नंबरालगत, किती लांब, हें कळत नाहीं. नकाशांत बांधाची रेघ दिसते. पण तिच्यावर शेवटची माती केव्हां पडली, हें नकाशा सांगत नाहीं. वही आंधळी आणि नकाशा मुका! अशा कारभारांत एकाच जागीं दोनदां पैसा पडावा व दुसरी जागा तशीच राहावी, यांत नवल काय?

महसूल खात्यांत आमची नोकरी गेली. तेथला धडा येथें उपयोगी आहे. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं इंदापूर तालुक्यांत ज्या मोजणीच्या पद्धतीचा पाया घातला, तिचें मर्म एकच होतें: प्रत्येक शेतास एक नंबर. तोच नंबर नकाशांत, तोच आकारबंदांत, तोच पुढें सातबाऱ्यावर. हद्दीचे दगड व बांध-उरुळ्या तपासावयाच्या त्याही नकाशा हातीं घेऊन. संगणक याहून वेगळें कांहीं करीत नाहीं. प्रत्येक उघाडीस, मोरीस व बांधाच्या तुकड्यास एक कायमचा नंबर द्यावयाचा. नकाशावर त्या खुणेस बोट लावलें कीं तिच्या दुरुस्तीचा सारा इतिहास समोर यावा, आणि मृगापूर्वीं जिचें काम झालेलें नाहीं ती खूण लाल दिसावी. कॅनडांत १९६० नंतरच्या दशकांत रॉजर टॉमलिन्सन यांनीं संगणकावरील नकाशाची पद्धति प्रथम उभारली, तीही त्या देशाच्या जमिनीच्या मोजदादीसाठींच. हॉलंडांतील जलमंडळें तर बांधाचें माप आणि तो राखण्याची जबाबदारी कोणाची, हें नकाशासह नोंदवून ठेवतात.

यावर कोणी म्हणेल, काम न करतांच "झालें" असें लिहिलें तर यंत्र काय करील? आक्षेप खरा आहे. यंत्रानें खोट्याचें खरें होत नाहीं. म्हणूनच आमचा आग्रह आहे कीं, नोंद कचेरींत बसून न करतां बांधावर उभें राहून, तारीख व छायाचित्रासह व्हावी. नोंदीवांचून ठेकेदारास पैसा देऊं नये. लगतचा सर्व्हे व हिस्सा नंबर नोंदींतून गाळूं नये. आणि ही सारी नोंद शेतकऱ्यास विनामूल्य पाहतां यावी. या अटी नसतील, तर लाखों रुपयांचें यंत्र म्हणजे जुन्या वहीचें नवें वेष्टण होय.

आणखी एक गोष्ट. मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ सालीं तिवरांच्या तोडीविरुद्ध कडक निर्णय दिला व त्यांच्याभोंवतीं ५० मीटरचा पट्टा राखण्यास सांगितलें. तो योग्यच आहे. परंतु जुन्या बांधाची डागडुजी कोणती व जमीन गिळण्यासाठीं टाकलेला नवा भराव कोणता, हें ठरवावयाचें कशानें? वर्षानुवर्षांच्या तारखांनिशीं नकाशावर असलेली नोंद, हाच भरंवशाचा पुरावा. तिनें प्रामाणिक शेतकऱ्याचें रक्षण होईल आणि भराव करणारा उघडा पडेल.

सरकारची वाट पाहण्याचें कारण नाहीं. शिमगा झाल्यावर प्रत्येक गांवच्या सभासदांनीं गांव-नकाशाची नक्कल घेऊन बांधावरून फिरावें, प्रत्येक उघाडीस नंबराचा पत्रा ठोकावा, आणि दोष व तारीख साध्या वहींत लिहावी. ती वही व तो नकाशा महानगरपालिकेपुढें ठेवून, येथून आरंभ करा, असें सांगावें. आधीं आपल्या बांधाचा नंबर आपणांस पाठ असला पाहिजे. मग तो संगणकांत चढावयास वेळ लागणार नाहीं.