निळी डबी

चीन देश आपल्यापैकीं थोड्यांनींच पाहिला असेल. परंतु चिनी वस्तूंनीं व चिनी शब्दांनीं आपल्या घरांत केव्हांच बिऱ्हाड केलें आहे. लोणच्याची बरणी चिनी मातीची, सकाळीं उठतांच ज्याची आठवण होते त्या चहाचें नांव मूळचें चिनी, आणि कालिदासाच्या शाकुंतलांतील ‘चीनांशुक’ तर संस्कृत शिकलेल्या प्रत्येकाच्या परिचयाचें. तेव्हां गेल्या वर्षीं पर्यटकांच्या एका तुकडीबरोबर खामगांवाहून तिकडे जाण्याचा योग आला, त्या वेळीं ऐकून माहीत असलेल्या सोयऱ्याच्या घरीं प्रथमच पाऊल टाकीत आहों, असें मला वाटलें.

बीजिंग येथें आम्हांस ‘जिंगतायलान’ नांवाच्या मिनाकामाचा एक कारखाना दाखविण्यांत आला. मिंग घराण्याच्या जिंगताय राजवटींत (इ. स. १४५० ते १४५७) ही कला विशेष नांवारूपास आली, म्हणून तिला तें नांव; ‘लान’ म्हणजे निळा. तांब्याच्या भांड्यावर तांब्याचीच बारीक चपटी तार चिमट्यानें वळवून वेली, फुलें व ढग चिकटवावयाचे. भांडें भट्टींत घालून तार पक्की करावयाची. मग तारेनें पडलेल्या एकेका कप्प्यांत मिन्याचा रंग भरून भाजावयाचें. भाजतांना रंग खालीं बसतो, म्हणून पुन्हां भरावयाचा व पुन्हां भाजावयाचें. असें अनेक वेळां झाल्यावर भांडें घासून गुळगुळीत करितात व शेवटीं तारांवर सोन्याचें पाणी चढवितात. आमचें खामगांव चांदीच्या कामाबद्दल प्रसिद्ध. तेथें ज्याचें बालपण गेलें त्यास त्या चिमट्यांत व त्या भट्टींत परकें असें कांहींच दिसलें नाहीं.

कारागिरास दहा मिनिटें आणि लगतच्या दुकानास पाऊण तास, असा पर्यटकांचा हिशेब असतो. मंडळी दुकानांत शिरलीं तेव्हां मी मात्र तार वळवीत बसलेल्या एका प्रौढ बाईंजवळ रेंगाळलों. दुभाष्याकरवीं मीं विचारलें, “आपलीं मुलें हें काम शिकतात काय?” त्यांनीं एक बोट वर केलें. “एकच मुलगी आहे. ती कचेरींत नोकरी करते,” इतकें सांगून त्यांनीं पुन्हां मान खालीं घातली.

पुढें सुझोऊ येथें रेशमी भरतकाम पाहिलें. रेशमाचा एक धागा उकलून त्याचे इतके बारीक पदर काढितात कीं, प्रकाशांत धरल्यावांचून ते दिसूं नयेत. तलम कापडावर भरलेला मासा दोन्ही बाजूंनीं सारखाच. उलट कोणती व सुलट कोणती हें ओळखूं येत नाहीं. या दोन्ही कलांचा २००६ सालीं चीन सरकारनें आपल्या राष्ट्रीय वारशाच्या पहिल्या यादींत समावेश केला. तें योग्यच झालें. पण जी विद्या आईकडून लेकीकडे आपोआप जात असते, तिची यादी करण्याची पाळी सहसा येत नाहीं.

तेथील नित्याचा व्यवहार पाहावयाचा तर सकाळीं बागेंत जावें. वृद्ध मंडळी संथपणें हात फिरवीत व्यायाम करीत असतात. कोणी पक्ष्याचा पिंजरा फांदीला टांगून गप्पा मारितात. एक आजोबा लांब दांड्याचा कुंचला नुसत्या पाण्यांत बुडवून फरशीवर सुंदर अक्षरें काढीत होते. शेवटचें अक्षर पुरें होई तों पहिलें वाळून जाई. शेजारीं त्यांचा नातू एकटाच खेळत होता.

त्याच ठिकाणीं दुभाष्यानें आम्हांस नात्यांचे शब्द शिकविले. थोरला काका व धाकटा काका यांस चिनी भाषेंत वेगळे शब्द आहेत; मामा, आत्या व मावशी यांसही आपल्यासारखेच स्वतंत्र शब्द आहेत. मात्र १९८० च्या सुमारास सुरू होऊन २०१५ पर्यंत चाललेल्या एक-अपत्य धोरणामुळें शहरांतील पुष्कळ मुलांना सख्खें भावंड नाहीं. आणि आईबापही एकुलतेच असतील तर त्या मुलास काका नाहीं, मामा नाहीं, आत्या नाहीं, मावशीही नाहीं. शब्द कोशांत आहेत. हांक मारावयास माणूस नाहीं.

त्या बाईंच्या वर केलेल्या बोटाचा अर्थ मला तेव्हां पुरता उमगला. भरल्या घरांतील पांच मुलांपैकीं चौघें कचेरींत गेलीं, तरी एखादें चिमट्याजवळ राही. जेथें एकच मूल, तेथें त्यानें कोठें जावें हें आधींच ठरलेलें असतें. आपल्याकडे असा हुकूम कोणीं काढलेला नाहीं. तरी सणावारीं आपल्या पंगतींतले पाट दरवर्षीं एकदोनांनीं कमी होत आहेत, हें आपण मोजीत नसलों तरी जाणतोंच.

येतांना मीं दोन वस्तु आणल्या. सुझोऊचा मासा कांचेंत बसवून दिवाणखान्यांत लाविला. दिवाळींत त्याची धूळ पुसली जाते. दुसरी वस्तु म्हणजे मिनाकामाची निळी डबी. ती आमच्या थोरल्या काकूंनीं देवघरांत नेऊन कुंकवानें भरली. मीं म्हटलें, “काकू, ती शोभेची आहे, रोज हाताळल्यानें सोनें उडेल.” त्या म्हणाल्या, “हाताळायची नाहीं, तर आणलीस कशाला?”

आज तिच्या कडेचें सोनें खरोखरच झिजलें आहे. निळा रंग मात्र जसाच्या तसा आहे. तार वळविणाऱ्या बाईंची हकीकत ऐकून काकू कांहीं वेळ बोलल्या नाहींत. पुढच्या आठवड्यांत निरांजन दुरुस्त करावयाचें होतें. एरवीं तें गड्याकरवीं पाठविलें असतें. त्या दिवशीं त्या आपल्या थोरल्या नातीला बरोबर घेऊन स्वतः कारागिराकडे गेल्या, आणि काम पुरें होईपर्यंत दोघी तेथेंच बसून राहिल्या.