व्हिंटेजवाल्यांनो, पोराला वाजवू द्या

'व्हिंटेज' हा शब्द ज्याने कुणी मराठीत आणला त्याला एकदा भेटायचंय. भांडायला. जुन्या स्कूटरला व्हिंटेज म्हणा, घड्याळाला म्हणा, कॅमेऱ्याला म्हणा, माझी तक्रार नाही. ज्याच्याकडे पैसा आणि शोकेसमध्ये जागा आहे त्याने तिथे काय ठेवायचं हा त्याचा प्रश्न. पण याच शब्दापायी परभणी जिल्ह्यातला एक वरातीत वाजवणारा पोरगा दोन वर्षं वाद्याशिवाय बसून राहतो, तेव्हा मात्र डोकं फिरतं. आजचा शनिवार त्यासाठी.

आधी थोडी माहिती, ज्यांना सॅक्सोफोन म्हणजे 'ते पितळी वाकडं' एवढंच ठाऊक आहे त्यांच्यासाठी. आपण हिंदी गाण्यांत जो सॅक्सोफोन ऐकत मोठे झालो तो बहुतेक वेळा मनोहारी सिंग यांचा, आणि तो आल्टो. टेनर त्याचा थोरला भाऊ. जास्त लांब, जास्त खर्जातला, साडेतीन किलोच्या आसपास वजन, गळ्यात अडकवून तासभर उभं राहिलात की मान दुखते. आता हा टेनर घ्यायचा झाला तर चीनमध्ये बनलेला बरा माल पन्नास-साठ हजारांत येतो. (पंचवीस-तीस हजारांत, नावगाव नसलेला येतो तो घेऊ नका. त्याच्या किल्ल्या मऊ धातूच्या असतात, पिशवीत ठेवताना वाकतात.) दुसऱ्या टोकाला फ्रान्सच्या सेल्मर कंपनीचा 'मार्क सिक्स'. हा 1954 साली आला, टेनर साधारण 1974-75 पर्यंत बनत होता. जॉन कोल्ट्रेनने वाजवला, सॉनी रोलिन्सने वाजवला, त्यामुळे बाकी जगालाही तोच हवा. चांगल्या अवस्थेतला घ्यायचा तर आज सात-आठ लाख रुपये तयार ठेवा, आणि तो सुरुवातीचा आकडा आहे. तेवढ्यात आमच्याकडे जुना ट्रॅक्टर ट्रॉलीसकट येतो.

आमच्याकडे म्हणजे सेलूला. मी मूळचा तिथला, पोटापाण्यासाठी पुण्यात. वीकेंडला टेनर फुंकतो, शेजारी सहन करतात. असो.

तर हा पोरगा गंगाखेडच्या बाजूचा. वडील बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. हा मालकाच्या टेनरवर कानाने शिकला, आणि चांगला शिकला. मग मालकाने बँड मोडून डीजे घेतला आणि वाद्यं विकून टाकली. पोराने एका वरातीचे हजार-बाराशे असे जमवत, पावसाळ्यात लोकांच्या सोयाबीनमध्ये राबत, 2023 च्या दिवाळीपर्यंत साठ हजार जोडले. चिनी टेनर पसंत केला. आणि दुर्बुद्धी झाली म्हणून पुण्यातल्या एका जाणकार हौशी गृहस्थांना फोटो पाठवून विचारलं. उत्तर आलं, "हे खेळणं आहे. पैसे फुकट घालवू नकोस. थांब, साठव, घेशील तर एकदाच व्हिंटेज घे."

मला तो भेटला तेव्हा म्हणाला, "दादा, ते म्हणले खेळणंय, म्हणून थांबलो. दोन साल झाले. कीबोर्डवाल्याच्या गाडीमागं खुळखुळा वाजवायलोय."

हिशोब करून बघा. सरायीच्या पन्नास-साठ तारखा धरल्या तर सगळी कमाई साठ-सत्तर हजार. एक पैसाही न खाता मार्क सिक्सला बारा-तेरा वर्षं. तोवर मार्क सिक्स काही आठ लाखांवर थांबून त्याची वाट बघणार नाही. आणि वाजवणाऱ्याचे ओठ? टेनर फुंकायला ओठांचे कडेचे स्नायू लागतात, ते महिनाभर सोडले तरी ढिले पडतात. त्या सल्ल्यात याचा विचार कुठेच नव्हता. सल्ला देणाऱ्याच्या घरी वाद्य होतंच की!

आता मुद्द्यावर. मार्क सिक्स चांगला नाही असं मी म्हणतोय का? मुळीच नाही. एका मित्राकडचा मी आठवडाभर वाजवलाय. माझ्याच माउथपीसवर, माझ्याच रीडवर. बोटाखाली तो लोण्यासारखा चालतो. खालचा बी-फ्लॅट, जो माझ्या स्वस्त टेनरवर जरा गुरगुरल्यासारखा निघतो, तो तिथे नुसत्या श्वासावर आला. वाद्य परत द्यायला गेलो तेव्हा चेहरा पडला होता हे कबूल. पण दोन्हींवर तीच ओळ वाजवून फोनवर रेकॉर्ड केली आणि नंतर ऐकली, तर कुठलं कोणतं हे मला नोंद बघितल्याशिवाय सांगता येईना. बायको शेजारच्या खोलीत होती, तिला दोन्हींचा सारखाच त्रास झाला. :-) फरक होता, पण तो माझ्या बोटांना कळत होता, ऐकणाऱ्याच्या कानांना नाही. बोटांच्या सुखासाठी सात लाख द्यायचे की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मात्र त्याला 'आवाजाचा फरक' म्हणू नये.

आवाजावरून आठवलं, मार्क सिक्सचं पितळ म्हणे महायुद्धातल्या तोफगोळ्यांच्या पुंगळ्या वितळवून केलेलं, म्हणून तो 'तसा' वाजतो. कथा सुरेख, पुरावा शून्य. सॅक्सोफोनमध्ये कंप पावते ती आतली हवा. पितळ फक्त त्या हवेला आकार देतं. आतल्या शंकूची मापं, मानेचा बाक, भोकांच्या जागा, माउथपीसच्या आतली पोकळी, आणि सगळ्यात जास्त वाजवणाऱ्याचा घसा. जॉन कोल्टमन नावाच्या अमेरिकन भौतिकतज्ज्ञाने 1971 साली बासरीवर हे करून दाखवलंय. चांदी, तांबं आणि लाकूड, आतली मापं तीच, फुंकायचा भाग प्लास्टिकचा आणि तिन्हींना सारखा. ऐकणाऱ्यांना ओळखता आलं नाही आणि न बघता वाजवणाऱ्यांनाही नाही. बासरी म्हणजे सॅक्सोफोन नव्हे, मान्य. पण भिंत कशाची आहे यावर दिवाणखान्यात रात्ररात्र गप्पा मारणाऱ्यांनी एकदा वाचायला हरकत नाही.

आणि मार्क सिक्समध्ये जे खरोखर भारी होतं, म्हणजे किल्ल्यांची मांडणी, ती आज जवळजवळ सगळे वापरतात. तैवानमध्ये होउली म्हणून सॅक्सोफोनसाठीच प्रसिद्ध गाव आहे, तिथला माल उघडून बघा, तीच मांडणी. आपल्या भाषेत सांगायचं तर लेगसी कोड कधीच सगळ्यांनी फोर्क करून घेतलाय. मूळ सर्व्हर विकत घ्यायची गरज नाही.

'खेळणं' हा शब्द मला फार लागला. 15 मे 1953 रोजी टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये चार्ली पार्कर ग्राफ्टन कंपनीचा आल्टो वाजवत होता. हा इंग्लंडमध्ये बनलेला, पांढऱ्या प्लास्टिकचा. होय, प्लास्टिकचा, पितळी वाद्याच्या साधारण निम्म्या किमतीत मिळणारा. शेजारी डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, चार्ल्स मिंगस, मॅक्स रोच. त्या मैफलीचं रेकॉर्डिंग आजही जॅझवाले पूजेला लावतात. पुढची गंमत अशी की पार्करचं ते प्लास्टिक 1994 साली क्रिस्टीजच्या लिलावात 93,500 पौंडांना गेलं. म्हणजे खेळणंही व्हिंटेज होतं, फक्त आधी कुणीतरी ते नीट वाजवावं लागतं.

बरं, ही वरात बघून नाक मुरडणारी मंडळी असतात ना, 'सॅक्सोफोन वरातीत शोभत नाही' म्हणणारी, त्यांनी थोडा इतिहास बघावा. अडॉल्फ सॅक्स नावाच्या बेल्जियन माणसाने 1846 मध्ये पॅरिसला याचं पेटंट घेतलं तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर होते लष्करी बँड. उघड्यावर, चालताना, लांबवर ऐकू जाईल असं वाद्य त्याला हवं होतं. जॅझ क्लबातला निळा दिवा फार नंतरचा. कादरी गोपालनाथांनी लहानपणी हे वाद्य पहिल्यांदा ऐकलं तेही म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये. मानवतच्या बाजारपेठेतून रात्री दहाला निघालेली वरात अडॉल्फ सॅक्सला ओळखीची वाटली असती, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता हे वाद्य परभणीत काय काय सोसतं बघा. मे महिन्यात पारा बेचाळीस-चव्वेचाळीसला. हवा तापली की नळीतला सूर चढतो, हे शाळेच्या फिजिक्समधलं. पण गाडीवरचा कीबोर्ड काही चढत नाही, तो इलेक्ट्रॉनिक. त्यामुळे टेनरवाल्याला माउथपीस बाहेर ओढत ओढत सूर उतरवावा लागतो आणि ओढला की वरचे-खालचे सूर एकमेकांशी भांडायला लागतात. डिसेंबर-जानेवारीत उलटा प्रकार, थंडीत परभणी मराठवाड्यात सगळ्यात आधी गारठते. वर धूळ, अक्षता, नाचणाऱ्यांचे कोपर, पिकअपच्या हौद्यातला प्रवास. किल्ल्यांखालच्या चामडी पॅडना हे मानवत नाही. जी-शार्पचं पॅड तर चिकटण्यासाठीच जन्माला आलेलं असतं.

आणि सॅक्सोफोनमध्ये एक पॅड जरी केसभर उघडं राहिलं तरी त्याखालचे सगळे सूर बिघडतात. मार्क सिक्स असला तरी. मी तर म्हणेन की 'स्वस्त वाद्य वाईट वाजतं' या तक्रारींपैकी निम्म्या गळक्या पॅडच्या असतात. अंधाऱ्या खोलीत नळीत एलईडीची पट्टी सोडा, जिथून उजेड दिसतो तिथे बग. इतकं सोपं डिबगिंग आपल्या धंद्यात असतं तर! नीट बसवलेला चिनी टेनर गळक्या मार्क सिक्सला कधीही भारी पडतो.

पण नीट बसवणार कोण? हा खरा प्रश्न, आणि व्हिंटेजवाले त्यावर गप्प. परभणी, जिंतूर, पूर्णा, पाथरी, कुठेही सॅक्सोफोनचा कारागीर मला आजवर सापडलेला नाही. बँडवाले आपापसात भागवतात. सुटलेली दांडी सोनाराकडून झाळून घ्यायची, पॅडऐवजी चपलेच्या दुकानातलं चामडं कापून फेविबॉन्डने डकवायचं. स्वस्त वाद्याला हे उपाय चालून जातात. साठ वर्षांच्या सेल्मरला चपलेचं चामडं लावायची हिंमत कोण करेल? म्हणजे प्रत्येक दुखण्याला देवगिरी एक्सप्रेसने एक रात्र मुंबईला जायचं, वाद्य ठेवून यायचं, परत आणायला पुन्हा जायचं. ऐन सरायीत. मेनफ्रेम घेतला पण कोबोलवाला रिटायर झालाय, अशी गत.

जाता जाता एक. मुंबईच्या फिल्मी ऑर्केस्ट्रात आणि जॅझमध्ये गोव्याची माणसं एवढी कशी होती? ब्राझ गोन्साल्विससारखा टेनरवाला गोव्यातून कसा येतो? त्यांच्या हातात जन्मतः सेल्मर नव्हते. चर्चच्या शाळेत मेस्त्रींनी त्यांना लहानपणी नोटेशन वाचायला शिकवलं होतं. आमच्या पोराला पान वाचता येत नाही, त्यामुळे कान तयार असूनही स्टुडिओचं काम त्याच्यापर्यंत पोचणार नाही. साठ हजारांतले थोडे मागे ठेवून महिन्यातून एकदा शिकायला जाता येतं. आठ लाखांच्या वाद्यानंतर शिकवणीला काय उरणार, चिंचोके?

थोडे जास्त पैसे असतील तर मधला रस्ताही आहे. यामाहा 1967 पासून सॅक्सोफोन बनवतं, त्यांचा जुना वायटीएस-23 लाखाच्या आसपास सेकंडहँड मिळाला तर डोळे झाकून घ्या. आमच्या पोराकडे लाख नव्हते. त्याने गेल्या दिवाळीला तोच चिनी टेनर घेतला, पंचेचाळीस हजारांत. मूळचा माउथपीस फेकून यामाहाचा 4सी लावला. रीडची दोन खोकी घेतली. पुण्यात आणून सगळी पॅड तपासून घेतली, सहा बदलावी लागली. तुळशीच्या लग्नापासून वाजवतोय. जी-शार्प चिकटतं, तिथे तो सिगारेटचा कागद सरकवतो.

बाणेर, औंध, कोथरूडमधल्या मार्क सिक्सवाल्यांना माझं जाहीर आमंत्रण. येत्या वैशाखात एक वरात गंगाखेडला वाजवून दाखवा. नवरदेव घोड्यावर, समोर दोनशे माणसं, तीन तास, उभ्याने. तिकीट माझ्याकडून, जेवण नवरीकडून. रीड मात्र आपापले आणा, तिथे मिळत नाहीत.